दोन प्रथिनांची जोडी खरी की योगायोगाची?

गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार अशा जिल्ह्यांत सिकलसेल तपासणीचं शिबिर लागलं की टेबलावर काचेच्या छोट्या नळ्या असतात आणि शेजारी काळ्या रेषा आखलेलं पांढरं कार्ड. नळीत साधारण २ मिलिलिटर द्रावण असतं. त्यात बोटातून काढलेलं २० मायक्रोलिटर रक्त, म्हणजे अर्ध्या थेंबाहूनही कमी, मिसळतात आणि ५ मिनिटं थांबतात. मग नळी कार्डासमोर धरतात. मागच्या रेषा स्पष्ट दिसल्या तर निकाल निगेटिव्ह. द्रावण गढूळ होऊन रेषा दिसेनाशा झाल्या, तर रक्तात सिकल हिमोग्लोबिन, म्हणजे ऑक्सिजन वाहणाऱ्या प्रथिनाचं बिघडलेलं रूप, आहे.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी हे त्याचं उद्दिष्ट. पहिल्या चाळणीसाठी वापरल्या जाणाऱ्या या चाचणीला सोल्युबिलिटी टेस्ट म्हणतात. तिच्यातला गढूळपणा म्हणजे एका प्रथिनाने दुसऱ्या प्रथिनाला चिकटणं. ते इथे नुसत्या डोळ्यांनी दिसतं. पेशीतल्या बाकीच्या हजारो जोड्या मात्र दिसत नाहीत, त्या शोधाव्या लागतात. २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल प्रथिनांचे आकार संगणकाने ओळखण्याला आणि नवी प्रथिनं रचण्याला मिळालं, तेव्हापासून ‘अमुक प्रथिन तमुक प्रथिनाला जोडतं’ अशा बातम्या वारंवार वाचायला मिळतात. हे कळतं कसं, आणि त्यावर कितपत विसंबायचं?

एक मणी बदलला

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. मण्यांचे प्रकार २०, आणि माळ स्वतःभोवती गुंडाळून ठरावीक आकार घेते. हिमोग्लोबिनमध्ये अशा चार माळा एकत्र असतात. दोन अल्फा, प्रत्येकी १४१ मण्यांच्या, आणि दोन बीटा, प्रत्येकी १४६ मण्यांच्या. अनेक प्रथिनं मिळून जे एकसंध यंत्र बनतं त्याला संकुल म्हणतात. एकटी माळ ऑक्सिजन वाहण्याचं काम नीट करू शकत नाही. चौघी एकत्र असतात म्हणूनच फुप्फुसात ऑक्सिजन पकडणं आणि स्नायूत सोडणं नीट जमतं.

सिकलसेलमध्ये बीटा माळेतला फक्त सहावा मणी बदललेला असतो. ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येतं. ग्लुटामिक आम्लावर विद्युतभार असतो, त्याला पाण्यात राहायला आवडतं. व्हॅलिन तेलकट स्वभावाचं. रश्श्यावर तर्रीचे सुटे थेंब तरंगत असतात, चमचा लागला की दोन थेंब एकमेकांत मिसळून जातात. पाण्याला टाळायचं म्हणून ते एकत्र येतात, व्हॅलिनचंही तसंच. शेजारच्या हिमोग्लोबिनवर, बीटा माळेतल्या ८५व्या आणि ८८व्या मण्यांपाशी, अशीच एक तेलकट खोबण असते. ऑक्सिजन सुटल्यावर ती उघडी पडते आणि व्हॅलिन तिच्यात जाऊन बसतं. एकाला दुसरं, दुसऱ्याला तिसरं असं करत १४ पदरांचा दोर वळला जातो आणि लाल पेशी विळ्यासारखी वाकते.

शिबिरातल्या नळीत हेच मुद्दाम घडवून आणतात. सॅपोनिन लाल पेशी फोडतं, डायथायोनाइट ऑक्सिजन काढून घेतं आणि दाट फॉस्फेटमुळे ऑक्सिजन गमावलेलं सिकल हिमोग्लोबिन विरघळलेलं राहू शकत नाही. डायथायोनाइट जुनं झालं असेल तर ऑक्सिजन निघतच नाही आणि खरा रुग्णही निगेटिव्ह येतो. सहा महिन्यांखालच्या बाळात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन भरपूर असतं, ते दोरात सामील होत नाही, म्हणून बाळांना ही चाचणी चालत नाही. उलट रक्तात चरबी फार असेल तर सिकल नसतानाही नळी गढूळ दिसते. शिवाय नळी गढूळ झाली तरी माणूस वाहक आहे की रुग्ण, हे कळत नाही. त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही चाचणी करावीच लागते. चिकटणं दिसलं म्हणून सगळं कळलं असं होत नाही. पुढे जाताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

सिकलसेलच्या रुग्णाला डॉक्टर ‘पाणी भरपूर प्या’ असं कळकळीने सांगतात. त्याचं कारणही चिकटण्यात आहे. पेशीतलं हिमोग्लोबिन जितकं दाट, तितका दोर लवकर वळला जातो, आणि हे नातं विलक्षण तीव्र आहे, साधारण ३०व्या घाताचं. दाटपणा ५ टक्क्यांनी वाढला तर दोर वळायला लागणारा वेळ जवळपास चौथ्या हिश्शावर येतो. उन्हात काम करून पेशीतलं थोडं पाणी कमी झालं तरी तेवढं पुरतं.

पेशी ही पाण्याची पिशवी नव्हे

अंड्याच्या पांढऱ्यात दर मिलिलिटरला सुमारे १०० मिलिग्रॅम प्रथिन असतं. पेशीत २०० ते ३०० मिलिग्रॅम. एवढ्या दाटीत प्रत्येक प्रथिन क्षणोक्षणी कुणाला ना कुणाला धडकत असतं. पंढरपूरच्या वारीत शेजारच्या माणसाचा धक्का लागतो, म्हणून तो आपल्या दिंडीतला ठरत नाही. जोडी कशाला म्हणायचं, हा प्रश्न इथून सुरू होतो.

काही जोड्या आयुष्यभराच्या असतात. प्रथिनं तयार करणाऱ्या मानवी रायबोसोममध्ये ८० प्रथिनं आणि आरएनएचे ४ रेणू कायमचे एकत्र बसवलेले असतात. काही जोड्या सेकंदभराच्या असतात: एक प्रथिन येतं, दुसऱ्यावर फॉस्फेटचा शिक्का मारतं आणि निघून जातं. पेशीतले बहुतेक निर्णय या दुसऱ्या प्रकारच्या भेटींत होतात आणि सापडायला अवघड त्याच आहेत.

माणसात प्रथिनांसाठीची जनुकं सुमारे २०,००० आहेत. प्रत्येकाची प्रत्येकाशी गाठ घालून पाहायची तर जवळजवळ २० कोटी जोड्या तपासाव्या लागतील. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या नकाशासाठी सुमारे १७,५०० प्रथिनं एकमेकांसमोर ठेवून पाहिली गेली आणि सुमारे ५३ हजार जोड्या हाती लागल्या. ही संख्या अपुरी आहे, हे ते काम करणाऱ्यांनाही माहीत आहे. का अपुरी, ते कळायला एक प्रयोग जवळून पाहावा लागतो.

गळ टाकून जोडीदाराला ओढणं

सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत म्हणजे को-इम्युनोप्रेसिपिटेशन. लॅबमध्ये सगळे ‘को-आयपी’ म्हणतात. कल्पना साधी आहे. एका प्रथिनाला ओळखणाऱ्या अँटीबॉडीचा गळ टाकायचा, ते प्रथिन वर ओढायचं आणि त्याला धरून आणखी कोण आलं ते पाहायचं.

सुमारे १ कोटी पेशी १ मिलिलिटर बफरमध्ये, म्हणजे पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात, बर्फावर अर्धा तास फोडतात. बफर साधारण असा: ५० मिलिमोलर ट्रिस, पीएच ७.५, मीठ १५० मिलिमोलर, आणि पेशीचं आवरण विरघळवायला ०.५ ते १ टक्का सौम्य डिटर्जंट. पेशी फुटली की तिच्यातली प्रथिनं कापणारी एन्झाइम्स मोकाट सुटतात, म्हणून त्यांना रोखणारं मिश्रण आधीच घातलेलं असतं. मग ४ अंश सेल्सिअसवर सेंट्रिफ्यूज करायचं, तळाशी बसलेला गाळ टाकायचा आणि वरच्या द्रवातलं ५०० ते १,००० मायक्रोग्रॅम प्रथिन घ्यायचं. त्यात १ ते २ मायक्रोग्रॅम अँटीबॉडी घालून रात्रभर थंडीत फिरवत ठेवायचं. सकाळी अँटीबॉडीला धरणारे बारीक मणी, म्हणजे बीड्स, घालायचे, एक-दोन तास थांबायचं, तीन-चार वेळा धुवायचं आणि बीड्सवर जे उरलं ते उकळून प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर चालवायचं.

सगळ्यात जास्त प्रयोग बफरमध्ये बिघडतात. अनेक लॅबमध्ये रिपा नावाचा बफर हाताशी असतो. पेशी फोडायला तो उत्तम, पण त्यात एसडीएस आणि डीऑक्सिकोलेट ही कडक डिटर्जंट्स असतात आणि ती बऱ्याच जोड्या उसवून टाकतात. प्रथिन पकडलं जातं, जोडीदार येत नाही आणि ‘जोडी नाही’ असा निष्कर्ष निघतो. मीठ ३०० मिलिमोलरच्या वर नेलं की विद्युतभारावर टिकलेल्या जोड्या सुटतात. फार कमी ठेवलं तर वाटेल ते वाटेल त्याला चिकटतं.

दुसरी अडचण निकाल वाचताना येते. उकळल्यावर अँटीबॉडीही तुटते आणि तिचे तुकडे जेलवर सुमारे ५० आणि २५ किलोडाल्टनच्या जागी ठळक पट्टे उमटवतात. कर्करोगात महत्त्वाचं असलेलं पी५३ हे प्रथिन नेमकं तिथेच येतं. मग समोरचा पट्टा पी५३चा की गळाचा, हे कसं ओळखायचं? पट्टा शोधताना दुसऱ्या प्राण्यात बनवलेली अँटीबॉडी वापरणं किंवा गळ बीड्सना आधीच पक्का जोडून ठेवणं, हे त्यावरचे उपाय.

कोविडच्या घरगुती किटवर ‘सी’ची रेषा उमटली नाही तर किट फेकून देतात, ‘टी’कडे पाहतही नाहीत. को-आयपीमध्येही तशा कंट्रोलशिवाय निकालाला अर्थ नसतो. कशालाच न ओळखणारी अँटीबॉडी घालून एक नळी चालवायची. ज्या पेशींतून ते प्रथिन काढून टाकलं आहे त्यांची एक. आणि मूळ द्रवाचा १ ते ५ टक्के भाग शेजारी, म्हणजे जोडीदार मुळात होता का ते कळतं. हे तीन कंट्रोल नसतील तर नुसत्या पट्ट्यावर विश्वास ठेवू नये, मग तो कितीही सुंदर दिसो.

धुताना काय निसटतं

पकड किती घट्ट आहे हे सांगणाऱ्या आकड्याला केडी म्हणतात. निम्मी प्रथिनं जोडलेली आणि निम्मी सुटी राहायला जोडीदाराची जेवढी संहती लागते, तो हा आकडा. लहान केडी म्हणजे घट्ट पकड.

थोडं गणित करू. दोन प्रथिनं भेटून जोडली जाण्याचा वेग दर मोलरला, दर सेकंदाला १० लाख धरला, तर केडी १ मायक्रोमोलर असलेल्या जोडीचं अर्धआयुष्य, म्हणजे निम्म्या जोड्या सुटायला लागणारा वेळ, सुमारे ०.७ सेकंद येतं. बीड्स धुवायला २० मिनिटं लागतात, तेवढ्यात या जोडीचं नावही उरत नाही. केडी १ नॅनोमोलर, म्हणजे हजारपट घट्ट जोडी घेतली तरी अर्धआयुष्य साडेअकरा मिनिटांच्या आसपास. २० मिनिटांनी तीस टक्केच उरते. थंडीत वेग मंदावतो आणि बीडजवळ सुटलेलं प्रथिन पुन्हा पकडलं जातं, म्हणून प्रत्यक्षात थोडं जास्त वाचतं. पण को-आयपीत दिसली नाही म्हणून जोडी नाही, असं का म्हणता येत नाही, ते यावरून कळावं.

दिसली, तरी ती पेशीत भेटतात का?

हा आक्षेप वाजवी आहे. पेशी फोडली की केंद्रकातलं प्रथिन आणि बाहेरचं प्रथिन एका नळीत येतात. जिवंतपणी त्यांची गाठ कधीच पडणार नव्हती, इथे पडते. त्याच वेळी १ कोटी पेशींचा ऐवज १ मिलिलिटरमध्ये पसरल्याने सगळं सुमारे ५० पट पातळ होतं आणि कमकुवत खऱ्या जोड्या उसवतात. म्हणजे एकाच पायरीवर खऱ्या जोड्या हरवतात आणि खोट्या जुळतात.

डीएनएला धरणारी दोन प्रथिनं एकाच डीएनएच्या तुकड्यावर शेजारी बसलेली असली तरी एकमेकांना धरल्यासारखी वर येतात. डीएनए-आरएनए कापणारं एन्झाइम घालून प्रयोग पुन्हा करायचा. जोडी नाहीशी झाली तर पूल डीएनएचा होता. अनेकदा प्रथिन पेशीत नेहमीपेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात बनवायला लावतात, म्हणजे पकडायला सोपं जातं. पण आघाड्याचं बी जसं जवळून जाणाऱ्या कुणाच्याही धोतराला चिकटतं, तसं जास्त झालेलं प्रथिन दिसेल त्याला चिकटतं. आणि वर आलेलं सगळं मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये, म्हणजे तुकड्यांच्या वजनावरून प्रथिनं ओळखणाऱ्या यंत्रात, घातलं तर यादीत केराटिन हमखास असतं. ते केस आणि त्वचेतलं प्रथिन आहे, बरेचदा काम करणाऱ्याच्या हातावरून आलेलं.

पेशी न फोडता

१९८९ मध्ये स्टॅन्ली फील्ड्स आणि ओक-क्यू साँग यांनी यीस्टमध्ये एक सुंदर युक्ती केली. जनुक चालू करणाऱ्या गॅल४ या प्रथिनाचे दोन भाग वेगळे केले. एक भाग डीएनएला धरतो, दुसरा जनुक चालू करतो. एक भाग प्रथिन क्रमांक एकला जोडला, दुसरा क्रमांक दोनला. दोघं भेटली तरच दोन्ही भाग जवळ येऊन जनुक चालू होतं. पुढे रूढ झालेल्या रूपात हे जनुक हिस्टिडीन हे अमिनो आम्ल बनवायला लागणारं असतं, म्हणून हिस्टिडीन नसलेल्या बशीवरही यीस्ट वाढतं. ही भेट यीस्टच्या केंद्रकात घडवावी लागते, त्यामुळे पेशीच्या आवरणात राहणाऱ्या प्रथिनांना ही पद्धत मूळ रूपात जमत नाही. कधी एकटं प्रथिनच जनुक चालू करतं, तर जोडीदार नसतानाही बशी भरून जाते.

२०१२ मध्ये आलेली बायोआयडी वेगळ्या वाटेने जाते. आपल्या प्रथिनाला एक एन्झाइम जोडायचं आणि पेशींना बायोटिन हे जीवनसत्त्व द्यायचं. ते एन्झाइम रंगपंचमीला पिचकारी घेऊन उभ्या असलेल्या पोरासारखं सुमारे १० नॅनोमीटरच्या टप्प्यात येणाऱ्या प्रत्येकावर बायोटिन उडवतं. मग पेशी खुशाल फोडा, कडक डिटर्जंटने धुवा, रंग जात नाही. सेकंदभर भेटून गेलेलेही सापडतात. पण ज्याच्यावर रंग उडाला तो मित्रच होता असं नाही, नुसता वाटेने जाणाराही असेल. शिवाय मूळ पद्धतीत १८ ते २४ तास रंग उडत राहतो, म्हणजे दिवसभराची वर्दळ एकाच चित्रात येते. २०१८ च्या टर्बोआयडीने हे काम १० मिनिटांवर आणलं.

संगणकानेच सांगितलं, मग प्रयोग कशाला?

हा प्रश्न हल्ली सर्वांत जास्त विचारला जातो. २०२४ च्या नोबेलचा अर्धा भाग डेमिस हसाबिस आणि जॉन जम्पर यांना प्रथिनांचे आकार ओळखणाऱ्या अल्फाफोल्ड या संगणक प्रणालीसाठी मिळाला, उरलेला अर्धा डेव्हिड बेकर यांना नवी प्रथिनं रचण्यासाठी. दोन माळांचे क्रम दिले की अल्फाफोल्ड त्या कशा जोडल्या जातील याचं चित्र काढतं आणि आयपीटीएम नावाचा गुण देतं. ०.८ च्या वर असेल तर चित्र भरवशाचं, ०.६ च्या खाली बहुधा चुकलेलं, मधलं धूसर. वर्षानुवर्षं खोळंबलेली कामं यामुळे मार्गी लागली आहेत, आणि त्याचं मोल कमी लेखू नये.

पण संगणकाला विचारलेला प्रश्न पाहा: ‘ही दोन जोडली गेली तर कशी दिसतील?’ ती दोन एका पेशीत, एका वेळी, पुरेशा संख्येने असतात का, हे त्याला विचारलेलंच नसतं. किती प्रती एकत्र येतात तेही आपणच सांगायचं. आणि एका मण्याच्या बदलाने काय होईल हे ओळखण्यासाठी ही पद्धत बनवलेलीच नाही. सिकल हिमोग्लोबिनचा एकट्याचा आकार नेहमीच्या हिमोग्लोबिनसारखाच आहे, बिघाड आहे तो शेजाऱ्याशी होणाऱ्या संबंधात. नुसता आकार पाहणाऱ्याला तो सहज निसटेल.

अल्फाफोल्डच्या चित्राचा खरा उपयोग, माझ्या मते, पुढचा प्रयोग आखण्यात आहे. चित्रात जोडणीच्या जागी दिसणारा एक मणी बदलायचा आणि वेगळ्या तत्त्वावरच्या दोन पद्धतींनी पाहायचं. बाकी प्रथिन तसंच राहून जोडी तेवढी सुटली आणि पेशीतलं कामही थांबलं, तर जोडी खरी.

जोडी तोडणारं औषध

बीसीएल-२ हे प्रथिन पेशीला मरू देत नाही. पेशीला मरणाकडे नेणारी बिमसारखी प्रथिनं ते आपल्या खोबणीत धरून ठेवतं. एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगात बीसीएल-२ फार वाढतं आणि ज्या पेशी मरायला हव्यात त्या जगत राहतात. प्रथिनांमधली जोडणीची जागा सहसा मोठी आणि सपाट असते, १५ ते २० चौरस नॅनोमीटर, त्यामुळे छोट्या औषधाला तिथे टेकायला जागा सापडत नाही. बीसीएल-२ ची खोबण खोल आहे, म्हणून तिथे जमलं. व्हेनेटोक्लॅक्स हे औषध बिमची जागा घेतं, बिम सुटतं आणि पेशी मरते. अमेरिकेत त्याला २०१६ मध्ये मान्यता मिळाली.

या कर्करोगात ते एकदम पूर्ण मात्रेत देत नाहीत. पहिल्या आठवड्यात रोज २० मिलिग्रॅम, मग ५०, १००, २०० आणि पाचव्या आठवड्यात ४००. कर्करोगाच्या पेशी एकदम मेल्या तर त्यांच्यातलं पोटॅशियम, फॉस्फेट आणि युरिक ॲसिड रक्तात लोटतं आणि मूत्रपिंडं व हृदय धोक्यात येतात. एक जोडी तोडण्याचा परिणाम इतका जोरकस असतो.

हे औषध बराच काळ घेतलेल्या काही रुग्णांत आजार परतला, तेव्हा त्यांच्या बीसीएल-२ चा क्रम तपासला गेला. काहींमध्ये १०१व्या जागी ग्लायसिन हा सगळ्यात लहान मणी जाऊन त्याच्या जागी व्हॅलिन आलं होतं. बिमला खोबणीत अजून जागा होती, व्हेनेटोक्लॅक्सची पकड मात्र सुमारे १८० पट सैल झाली होती.